आयतटिप्या

सर, तुमच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होताहेत म्हणून गावभर तुमचं कौतुक चाललं आहे, आणि मी माझ्या स्वयंपाकघरात बसून तुमच्यावर दात खाते आहे. तुम्ही हयात होतात तेव्हा मी तुम्हाला कधी उलटून बोलले नाही. मी ‘व्हय सर’ म्हणायचे, तुम्ही ‘व्हय नाही, हो’ म्हणायचात, आणि मी ‘हो सर’ म्हणायचे. आता तुम्हाला काही दुरुस्त करता येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. व्हय सर.

पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, इकडं मराठी शिकवायला माणसं मिळत नव्हती. तेव्हा पुण्याकडून जे मास्तर आले त्यांतले तुम्ही. मी तुमच्या वर्गात येईपर्यंत तुम्हाला औरंगाबादेत वीसेक वर्षं झाली होती. डोक्यावरचे केस गेले होते, आणि रविवारच्या पुरवणीतल्या रानावरच्या लेखांनी तुम्ही घराघरात पोचला होतात. तुम्ही आम्हाला निबंध घातलात, ‘रानातला एक दिवस’. माझ्या आईचं माहेर कन्नडच्या पुढं, गौताळ्याच्या पायथ्याशी. सुट्टीत मी तिच्याबरोबर गवत कापायला जायचे, तेच लिहिलं. तित्तराचं पिल्लू माणसाची चाहूल लागली की मातीला चिकटून बसतं, त्याला आई भुईलपं म्हणायची. मी लिहिलं, ‘विळा थांबवला, तर पायाशी भुईलपं घावलं.’ वही परत आली तेव्हा ‘घावलं’वर लाल शाईची काट होती आणि वर ‘सापडलं’ लिहिलं होतं. सगळ्या वर्गासमोर तुम्ही म्हणालात, ‘ही कॉलेजची वही आहे, बाजार नाही.’ मुलं हसली. पण त्याच ओळीतल्या ‘भुईलपं’खाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं, ‘हा शब्द कुणाचा? येऊन भेट.’ आमच्या बोलीतला एक शब्द बाजारू आणि दुसरा सोन्याचा, हे कोणत्या तागडीत तोललंत, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

मी सांगितलं, आईचा. पुढच्या रविवारी तुमची स्कूटर बेगमपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत शिरली. शेजारच्या खाला दारात येऊन बघत राहिल्या. आमच्या दोन खोल्या, वडील एसटीत कंडक्टर, रविवारी हमखास ड्युटीवर. तुम्ही खुर्ची नको म्हणालात आणि चुलीपुढं पाट ओढून बसलात. आई भाकरी थापते आहे. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, ‘मास्तर, तुम्ही रानाचं लिवता, मंग रानात का ऱ्हात नाय?’ तुम्ही खळखळून हसलात. मग खिशातून छोटी वही निघाली, आणि ती पुढं दोन वर्षं दर रविवारी निघत राहिली. आई एका हातानं भाकरी उलटायची आणि सांगत राहायची. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की त्या साली पाऊस लई. तरसाच्या वाटेवर कुत्रं कसं बसकण मारतं. बिबट्याचं नाव रानात घेऊ नये, थोरलं म्हणावं. ‘थोरलं खालच्या अंगानं गेलं, आसं म्हनायचं, मास्तर. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला हाक मारली.’ तुमचं पेन थांबत नव्हतं. दोन भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाचपन्नास शब्द घेऊन तुम्ही उठायचात. आईला ते आवडायचं, हे मला कबूल केलंच पाहिजे. आयुष्यात तिचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. शनिवारी ती मला विचारायची, ‘उद्या मास्तर येनार का गं?’ आणि रात्रीच आठवून ठेवायची, कुठल्या पाखराचं सांगायचं राहिलंय.

आणि एका रविवारी, कुणी मागितलं नसताना, तुम्ही म्हणालात, ‘हे सगळं पुस्तकात येणार, आणि तुमचं नावसुद्धा येणार बघा.’ आई म्हणाली, ‘माजं? आन् ते कशाला?’ पण त्या दिवशी तव्यावरची भाकरी करपली. माझ्या आईच्या हातची करपलेली भाकरी मी तेवढी एकदाच खाल्ली.

तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करायचं काम तुम्ही मला दिलंत. त्यासाठी हिरवं शाईचं पेनही दिलंत. मी हवेत होते. तुमच्यासारख्या लेखकाचं पुस्तक माझ्या अक्षरात छापखान्यात जाणार! थोरल्याचं प्रकरण आलं, टिटवीचं आलं, भुईलप्याचं आलं, आणि प्रत्येक ठिकाणी मी वाट बघत होते. एकेचाळिसाव्या पानावर तुम्ही लिहिलं होतं, ‘गौताळ्याच्या रानात एकटाच भटकत असताना मला हा शब्द सापडला.’ सापडला! शब्द काय वाटेत पडला होता, सर? आणि तुम्ही तोवर गौताळा एकदाच पाहिला होतात, तोही जीपमधून. मी भीत भीत विचारलं, ‘सर, इथं आईचं नाव घालायचं ना?’ तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, ‘अगं, वाचकाला नावात गोडी नसते. रान बोलतंय असं वाटलं पाहिजे. नाव आलं की रान गप्प होतं.’ मी ‘हो सर’ म्हणाले, आणि तुम्हीच दिलेल्या पेनानं, वळणदार अक्षरात, ते वाक्य उतरवलं. थोरल्याचं नाव घेऊ नये हे आईनं सांगितलं होतं. तिचं स्वतःचं घेऊ नये असं काही ती म्हणाली नव्हती.

पुस्तक आलं. तुम्ही एक प्रत घरी आणून दिलीत, पहिल्या पानावर मला आशीर्वाद, सही, आणि घाईत निघून गेलात. आईनं हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. पुस्तक मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, ‘कुठंय गं माजं? वाच की.’ तिला अक्षरओळख नव्हती. मी एकेचाळिसावं पान उघडलं आणि वाचलं. म्हणजे वाचायचं सोंग केलं. ‘गौताळ्याच्या पायथ्याशी राहिलेल्या एका जाणत्या बाईनं मला हा शब्द दिला,’ आणि पुढं तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, माहेरचं गाव. तिनं मला तीनदा वाचायला लावलं. मग ओळीवर बोट ठेवायला सांगितलं आणि ‘एकटाच भटकत असताना’वरून ती बोट फिरवत राहिली. चुलीजवळच्या सुपातलं ज्वारीचं एक पातं खूण म्हणून तिनं त्या पानात घातलं. मला वाटलं, कुणाचं काय बिघडलं? आई खूश, पुस्तक कपाटात.

पुस्तक कपाटात राहिलं नाही. तिच्या भाचीच्या लग्नाला ती माहेरी गेली तेव्हा लुगड्याच्या घडीत पुस्तक होतं. मी परीक्षेमुळं गेले नव्हते. पुढचं मला माझ्या मामानं सांगितलं. हळदीला सगळा गोतावळा जमलेला. आईनं पुस्तक काढलं, ज्वारीचं पातं बाजूला केलं आणि मामाच्या सातवी शिकलेल्या सुनेला म्हणाली, ‘वाच गं, समद्यांना ऐकू जाईल आसं.’ तिनं वाचलं. पान संपलं. पुढचं वाचलं, मागचं वाचलं. म्हणाली, ‘आत्या, तुमचं नाव नाय की हितं.’ बायका हळद लावायच्या थांबल्या. कुणीतरी म्हणालं, ‘पुस्तकात नाव याया निगाल्यात बाई,’ आणि हसण्याची लाट आली. आईनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, ‘पान चुकलं आसंल.’

घरी येऊन तिनं मला एक अक्षर विचारलं नाही. मी खोटं वाचलं हे तिला कळलं होतं, आणि मी का वाचलं हेही कळलं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘त्यो तुजा आयतटिप्या आता आला तर च्या दीन, बाकी काय नाय.’ आयतटिप्या. तुम्हाला शब्दांची हौस म्हणून उकलून सांगते. पाखरू दाणा टिपतं आणि मास्तर वहीत टिपतो, दोन्हीला आमच्यात टिपणंच म्हणतात. दुसऱ्यानं वेचून ठेवलेलं जो आयतं टिपतो तो आयतटिप्या. आयत्या बिळावरच्या नागोबाला निदान फणा तरी असतो. तुम्हाला फक्त वही होती.

पुढच्या रविवारी तुम्ही आलात. आईनं चहा दिला. तुम्ही विचारलंत, ‘घोरपडीचं काहीतरी सांगणार होतात ना?’ ती म्हणाली, ‘ध्यानात नाय, मास्तर.’ मोराचं विचारलंत, ‘ध्यानात नाय.’ त्यानंतर कधीच तिच्या काही ध्यानात आलं नाही. तुम्ही चार रविवार आलात आणि मग थांबलात. माझ्या आईनं तुम्हाला एवढीच शिक्षा केली. मला ती पुरली नाही.

रब्बीच्या पेरणीचे दिवस होते. कॉलेजच्या फाटकापाशी तुम्ही मला थांबवलंत. गंगापूरकडं कुणाच्या शेतावर जाऊन आला होतात. काळंपांढरं, शेपूट हलवणारं ते लहान पाखरू वखरामागं चालताना पाहिलं होतंत. ‘धोबी, परीट ही नावं सगळ्यांनाच ठाऊक आहेत गं. तुझी आई काय म्हणते त्याला?’ सर, मी क्षणभरही विचार केला नाही. तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, ‘आयतटिप्या.’ तुम्ही स्कूटर बंद केलीत. वही काढलीत. ‘वा! वखरानं उकरलेलं आयतं टिपणारा! काय नजर आहे या लोकांची!’ आणि तुमचंच नाव तुम्ही तुमच्याच हातानं लिहून घेतलंत. मी कॉलेजपासून बेगमपुऱ्यापर्यंत एकटी हसत गेले.

त्या शब्दानं मला जन्मभर सुख दिलं आहे. तुम्ही त्याच्यावर अख्खा लेख लिहिलात, तो दिवाळी अंकात आला, मग पुस्तकात, मग शाळेच्या पुस्तकात. लग्न होऊन मी वैजापूरला गेले, शाळेत मराठी शिकवू लागले, आणि दरवर्षी तुमचा तो धडा माझ्याच वाट्याला यायचा. ‘आयतटिप्या या शब्दातील सौंदर्य स्पष्ट करा’ हा प्रश्न मी प्रत्येक सहामाहीला घातला. पन्नास-पन्नास मुलं तुम्हाला शिवी देत होती आणि मी गुण देत होते. तुम्ही भाषणांत तो शब्द सांगायचात, लोक टाळ्या वाजवायचे. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत एका वक्त्यानं तुम्हालाच ‘रानातले शब्द टिपणारा आमचा आयतटिप्या’ म्हटलं. मी मागच्या रांगेत पदर तोंडात धरून बसले होते. शेजारच्या बाईनं मला पाणी आणून दिलं, तिला वाटलं मी रडते आहे. आता निवृत्त होऊन मी परत इथं आले आहे. शहराचं नावसुद्धा बदललं, सर, पण तुम्ही खडीवाल्यांपासून वाचवलेल्या टेकडीवर वन खात्याची पाटी आहे, तिच्यावर त्या पाखराचं चित्र आणि खाली ठळक अक्षरात तो शब्द. टेकडी तुम्ही वाचवलीत हे खोटं नाही. दोन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्यात, पेपरात भांडलात, आणि आज तिथं सकाळी मोर ओरडतात. मी रोज फिरायला जाते. एवढं चांगलं काम तुमच्या हातून व्हायला नको होतं, मला द्वेष करणं जड जातं.

त्याहून जड एक गोष्ट आहे, ती आजवर कुणाला सांगितली नाही. तो दिवाळी अंक मी वैजापूरच्या स्टँडवर घेतला होता. तुम्ही कसे फसलात हे वाचायचं होतं. पहिल्याच पानावर वाक्य होतं, ‘हा शब्द मला घावला तो बेगमपुऱ्यात, एका चुलीपुढं.’ घावला, सर. तुमच्या हातचा. आणि पुढं माझ्या आईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, माहेरचं गाव, काही सोडलं नव्हतंत. मी खोटंच जे वाचलं होतं, जवळजवळ तसंच. तुम्हाला कुणी सांगितलं होतं, की चार रविवारच्या कोऱ्या वहीतून तुमचं तुम्हालाच उमजलं होतं? मला कधी कळलं नाही, आणि विचारायला मी आले नाही. तिचे खरे शब्द तुम्ही फुकट नेलेत आणि खोट्या शब्दाची भरपाई केलीत. तुमच्या सगळ्या पुस्तकांत तिचं नाव तेवढ्या एकाच जागी आहे, आणि ते तिथं माझ्या लबाडीमुळं आहे.

मागच्या आठवड्यात तुमच्या समग्र लेखनाचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. गोड बोलते. म्हणाली, ‘मॅडम, आयतटिप्या हा शब्द कुठल्याच कोशात नाही. कन्नडच्या गावांत म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांना ठाऊक नाही. मुलांना ठाऊक आहे, पण ती म्हणतात पुस्तकात वाचला. तुमची आई तो सांगणारी, म्हणून तुम्हीच खात्री द्या. नसेल तर तो लेख वगळावा लागेल.’ लेखाची छापील पानं तिनं पाठवून दिली. सर, मी या फोनची किती वर्षं वाट बघत होते, तुम्हाला कल्पना नाही. एक वाक्य सांगितलं असतं की तुमची शंभरी माझ्या हातात होती. सभागृहात हसू फुटलं असतं, अगदी त्या हळदीसारखं. मी वाक्य तयारही केलं होतं, आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. पण लेख गेला की तिचं नाव गेलं, आणि मग माझी आई कुठल्याच पानावर नाही.

तीन दिवस ती पानं टेबलावर होती. आज सकाळी मी समासात लिहिलं, ‘शब्द माझ्या आईचा आहे. मी तिच्या तोंडून ऐकला आहे.’ यात खोटं एक अक्षर नाही. तो कुणाला उद्देशून होता, हे कुणी विचारलेलं नाही. खाली सही केली आणि पानं पोस्टात टाकून आले. तुम्ही जिंकलात असं समजू नका. जोवर ती पाटी टेकडीवर आहे तोवर शाळेची पोरं तिच्यासमोर उभी राहून तुमचं नाव मोठ्यानं वाचत राहणार, आणि ते तुमचं आहे हे फक्त मला माहीत असणार. तेवढं माझ्याजवळ राहू द्या.

हे पत्र त्या दिवाळी अंकात ठेवते आहे, त्याच पानात. आईच्या पुस्तकातलं ज्वारीचं पातंही मी तिथंच आणून ठेवलं आहे. आता एक राहिलं, ते सांगून उठते. त्या दिवाळीत मी अंक घेऊन तशीच एसटीत बसले आणि बेगमपुऱ्याला माहेरी आले. आई चुलीपुढं होती. तिनं मान वर न करता विचारलं, ‘मास्तर आजून लिवतो का गं?’ मी म्हणाले, ‘लिहितो.’ तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, ‘आपलं काय आसतं का त्यात?’ वाचायचं तर तो शब्दही वाचावा लागला असता, तिची शिवी मी तुमच्यापर्यंत पोचवली हेही सांगावं लागलं असतं, आणि तुमच्यावरचा माझा राग तिथंच संपला असता. मी म्हणाले, ‘नाय.’ त्यानंतर ती चार वर्षं होती, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. सर, अंक माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता.